वायफाय बंद केल्यावर

प्रवासाला निघायच्या आदल्या संध्याकाळी, बॅग भरायच्या आधी, लॅपटॉपचं वायफाय बंद करावं आणि कोड लिहायचं रोजचं काम सुरू करून बघावं. आपलं काम कुणाकुणाच्या खांद्यावर उभं आहे ते अर्ध्या तासात कळतं. पान उघडतं, पण अक्षरं भलतीच दिसतात, कारण फॉन्ट परक्या सर्व्हरवरून येत होता. लॉगिन होत नाही, कारण ओळख पटवणारी सेवा बाहेर कुठेतरी आहे. टेस्ट चालवाव्यात तर निम्म्या बराच वेळ लटकतात आणि मग लाल होतात. कोडची ब्रँच, म्हणजे शाखा, बदलून पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, बसवायला जावं तर ती आणून देणारं एनपीएम लगेच हात वर करतं. एरवी वर्षानुवर्षं यातलं काही लक्षात येत नाही. नेट असतं, मागितलं ते मिळत असतं, आणि मिळतंय म्हणजे ते आपलंच आहे असं वाटायला लागतं.

एकदा हे उघडं पडलं की निस्तरणं अवघड नाही. फॉन्टच्या फाइली प्रोजेक्टमध्येच आणून ठेवाव्यात. खऱ्या साईटसाठीही तेच बरं, कारण वाचकाच्या ब्राउझरची आणखी एका सर्व्हरशी जोडणी वाचते. बाहेरच्या सेवेच्या जागी आपल्याच मशीनवर एक छोटा नकली सर्व्हर ठेवावा, ठरलेली दोन-चार उत्तरं देणारा. चूक झाल्यावर मिळणारं उत्तरही त्यात घालावं, नाहीतर आपण फक्त सुखाच्या वाटेची चाचणी घेत राहतो. पॅकेजेससाठी, ज्या ज्या ब्रँचवर काम करायचं आहे तिथे जाऊन एकदा एनपीएम सीआय चालवावं. लॉक फाइलमध्ये नोंदवलेल्या पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या कॅशमध्ये, म्हणजे मशीनवरच्या साठ्यात, उतरतात, आणि नंतर ऑफलाइनचा पर्याय लावला की तिथूनच उचलल्या जातात. मात्र काही पॅकेजेस बसताना स्वतःची स्क्रिप्ट चालवून आणखी एखादी बायनरी बाहेरून ओढतात, आणि ती एनपीएमच्या कॅशमध्ये नसते. म्हणून नोड मॉड्यूल्सचा फोल्डर पुसून, वायफाय बंद ठेवूनच, पुन्हा बसवून बघावं. ते हिरवं झालं तरच ‘झालं’ म्हणावं. डॉक्युमेंटेशनसाठी झील किंवा डेव्हडॉक्स. दोन्हींत हव्या त्या भाषेचे संच आधी उतरवून ठेवता येतात.

या सगळ्यात कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटला मात्र ओरखडाही उमटत नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये ते लिहायला घेतलं तेव्हापासूनच रचना अशी, की प्रत्येक क्लोनमध्ये, म्हणजे उतरवून घेतलेल्या प्रतीत, सगळा इतिहास यावा. लॉग, डिफ, ब्लेम या इतिहास दाखवणाऱ्या आज्ञांना नेट लागतच नाही. फक्त क्लोन अर्धवट नाही ना ते पाहावं. वेळ वाचवायला डेप्थ १ लावून घेतलेल्या क्लोनमध्ये एकच कमिट, म्हणजे बदलाची एकच नोंद, असतो, आणि गिट एलएफएसमधल्या मोठ्या फाइलींच्या जागी कधी कधी नुसते तीन ओळींचे पत्ते असतात. निघण्याआधी अनशॅलो करून फेच करावं, म्हणजे राहिलेला इतिहास मागवावा, आणि एलएफएसच्या फाइली ओढून घ्याव्यात.

गिटच्या बायसेक्टची ओळख करून घ्यायला तर लांबच्या प्रवासासारखी दुसरी वेळ नाही. हजार कमिटांपैकी नेमक्या कुठल्या कमिटमध्ये बग शिरला ते साधारण दहा पायऱ्यांत सापडतं. ‘हा वाईट’ म्हणून आजचा कमिट दाखवायचा, ‘हा चांगला’ म्हणून जुना एखादा दाखवायचा, की गिट मधला उघडून समोर ठेवतं. प्रत्येक वेळी हाताने तपासण्यापेक्षा एक छोटी स्क्रिप्ट लिहून बायसेक्ट रनला द्यावी. स्क्रिप्टने ० परत दिला तर कमिट चांगला, १ दिला तर वाईट, आणि १२५ दिला तर ‘याबद्दल सांगता येत नाही, पुढे जा’. हा १२५ फार मोलाचा आहे. जुन्या कमिटला बिल्डच होत नसेल तर तो दोष आपल्या बगचा नसतो, पण स्क्रिप्ट १ देते आणि गिट बिचारं एखाद्या निरपराध कमिटवर बोट ठेवतं. वेगवेगळ्या कमिटांना वेगवेगळ्या पॅकेजेस लागत असतील तर तीही स्क्रिप्टमध्येच बसवून घ्यावी लागतात. कॅश तयार ठेवायची ती याचसाठीही.

एडिटरबद्दल ज्याचं त्याचं प्रेम असतं, आणि असावं. प्रवासात मात्र विमचा एक गुण उठून दिसतो. न साठवलेलं लिखाणही ते दर २०० अक्षरांमागे, किंवा हात ४ सेकंद थांबले की, स्वॅप फाइलमध्ये उतरवून ठेवतं. बॅटरीने मान टाकली तरी नंतर आर पर्यायाने तीच फाइल उघडली की बहुतेक सगळं परत मिळतं. परत मिळालेलं वाचून, नीट साठवून, मगच स्वॅप फाइल पुसावी. घाईत उलटं केलं की गेलं. १९९१ मध्ये ब्रॅम मोलेनार यांनी विम पहिल्यांदा प्रसिद्ध केलं, आणि २०२३ मध्ये ते गेले. सॉफ्टवेअर फुकट, पण वापरून आनंद झाला असेल तर युगांडातल्या मुलांसाठी काही द्या, अशी त्यांची विनंती होती. नुसतं विम उघडलं की सुरुवातीच्या पडद्यावर बऱ्याचदा त्या मुलांना मदत करण्याची ओळ दिसते. एवढ्या कोरड्या काळ्या खिडकीत ती ओळ पाहिली की मला दरवेळी बरं वाटतं.

मराठीत भरवसा, विश्वास आणि श्रद्धा हे तीन शब्द आपण वेगळे ठेवले आहेत, आणि या कामात त्यांचा वेगळेपणा रोज जाणवतो. भरवसा टाकला जातो, तोही बहुतेक वेळा न बघता. विश्वास बसायला काही तरी पाहावं लागतं. श्रद्धा मात्र ठेवावी लागते, जाणूनबुजून. एनपीएम इन्स्टॉल लिहून एंटर मारणं हा निव्वळ भरवसा आहे. आपण दोन पॅकेजेस मागतो आणि त्यांच्यामागून दोनशे घरात येतात.

त्या भरवशाची किंमत किती होऊ शकते ते २०२४ च्या मार्चअखेर सगळ्यांनी पाहिलं. एक्सझेड नावाची, दाबून लहान केलेल्या फाइली हाताळणारी लायब्ररी असंख्य लिनक्स यंत्रांवर असते. तिची देखभाल करणाऱ्या एकट्या माणसाच्या मदतीला दुसरं कुणी तरी आलं, दोनेक वर्षं चांगलं काम केलं, हक्क मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. दरवाजा उघडणारी किल्ली गिटमध्ये नव्हतीच. ती फक्त प्रसिद्ध केलेल्या टारबॉलमधल्या, म्हणजे कोडच्या बांधलेल्या गठ्ठ्यातल्या, बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये होती, म्हणून इतिहास चाळणाऱ्याला ती दिसली नसती. सापडली ती आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरना. एसएसएच, म्हणजे दूरच्या यंत्रात शिरायची सोय, तिच्या लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच तापतोय एवढंच त्यांच्या लक्षात आलं होतं, आणि त्यांनी ते सोडून दिलं नाही. अर्धा सेकंद! यातून घ्यायचं ते हेच की लॉक फाइल कमिट करावी, तिच्यातला फरक रिव्ह्यूमध्ये खरंच वाचावा, आणि नवी आवृत्ती आली त्याच दुपारी ती लाइव्हवर चढवू नये.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला एसक्यूलाइट आहे. २००० सालापासून चालत आलेला हा डेटाबेस आज बहुधा तुमच्या खिशातल्या फोनमध्ये आहे, ब्राउझरमध्येही आहे. त्याचे कर्ते रिचर्ड हिप यांनी तो सार्वजनिक मालकीचा करून टाकला. कोडच्या फाइलींत वर जिथे एरवी परवान्याचा कायदेशीर मजकूर असतो तिथे त्यांनी आशीर्वाद लिहिला आहे. त्याचा आशय असा: तुझ्या हातून भलं होवो, वाईट न होवो. तुला स्वतःसाठी क्षमा लाभो आणि तूही इतरांना क्षमा कर. मोकळ्या हाताने वाट, आणि देतोस त्याहून जास्त कधी घेऊ नकोस.

हा आशीर्वाद लिहिणारी माणसं भोळी नाहीत. मूळ कोडच्या शेकडो पट कोड त्यांनी केवळ चाचण्यांसाठी लिहिला आहे. साठवताना मध्येच वीज गेली तर काय, मेमरी संपली तर काय, डिस्कने खोटं सांगितलं तर काय, याची एकेक नक्कल करून ते बघतात. २०५० पर्यंत हे सांभाळायचं असा त्यांचा इरादा आहे. सॉफ्टवेअरमध्ये श्रद्धा कशी दिसते असं कुणी विचारलं तर मी याच फाइलीकडे बोट दाखवेन, आणि तिच्या शेजारच्या चाचण्यांच्या फोल्डरकडेही. मला ती दोन वेगळी वाटत नाहीत.

प्रवासात एसक्यूलाइटचा उपयोगही फार. सर्व्हरवरचा डेटा थोडा उतरवून घेतला की एका फाइलीत काम होतं. एकच चूक वारंवार होते. डेटाबेस वॉल पद्धतीने चालू असताना मुख्य फाइल नुसती कॉपी केली जाते. ताजे व्यवहार तेव्हा शेजारच्या वॉल फाइलीत असतात, ते मागेच राहतात, आणि कॉपी उघडली की शेवटचे काही तास गायब. बॅकअपची आज्ञा किंवा व्हॅक्यूम इन्टू वापरावं. आणि उतरवून घ्यायच्या आधी लोकांची नावं, नंबर, पत्ते बदलून टाकावेत. हरवलेल्या लॅपटॉपबरोबर दुसऱ्याचं खाजगी आयुष्य हरवू नये.

श्रद्धा, प्रवास आणि कोड यांची सगळ्यात थेट गाठ पडते ती प्रार्थनेच्या, म्हणजे नमाजाच्या, वेळा दाखवणाऱ्या पानावर. काम लहान वाटतं, पण त्यात भल्याभल्यांचे पाय अडकतात. सूर्योदय म्हणजे सूर्य क्षितिजावर आला तो क्षण, असं धरलं की वेळ काही मिनिटांनी चुकते. हिशेबात सूर्याचं केंद्र क्षितिजाच्या ०.८३३ अंश, म्हणजे ५० कला, खाली धरतात. त्यातल्या ३४ कला हवेतून किरण वाकतात म्हणून, आणि १६ कला सूर्यबिंबाची त्रिज्या म्हणून, कारण आपल्याला वरची कड आधी दिसते. पहाटेच्या आणि रात्रीच्या प्रार्थनेसाठी सूर्य बराच खोल, १८ अंशांच्या आसपास, गेलेला लागतो. नेमका किती ते पंथागणिक आणि प्रदेशागणिक बदलतं. ते निवडायची सोय पानावर हवीच.

मग प्रवासी उत्तरेकडे निघतो. ४८.५ अंशांच्या पुढे ऐन उन्हाळ्यात सूर्य १८ अंश खाली जातच नाही. सूत्रात कोसाइनची व्यस्त किंमत काढायची असते. आत जाणारी संख्या १ च्या वर किंवा उणे १ च्या खाली गेली की जावास्क्रिप्ट निमूटपणे ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नाही’, देतं, आणि पानावर वेळेच्या जागी तीच अक्षरं दोनदा, मध्ये विसर्ग घातल्यासारखी उमटतात. ज्याने अंधारात उठून, हात-पाय धुऊन, फोन उघडला त्याला हे दिसतं. म्हणून ती संख्या आधी तपासावी, आणि हद्दीबाहेर गेली तर ‘आज इथे ही वेळ येत नाही’ असं स्पष्ट सांगावं. अशा ठिकाणी काय करायचं याचे पर्याय धर्माच्या जाणकारांनी दिलेले आहेत, रात्रीचे भाग पाडणं किंवा जवळच्या अक्षांशाची वेळ घेणं असे. त्यातला एक गुपचूप निवडून टाकायचा अधिकार डेव्हलपरला नाही. तो वापरणाऱ्याचा आहे.

नमाजाच्या दिशेचंही तसंच. मक्केतला काबा २१.४२२५ अंश उत्तर, ३९.८२६२ अंश पूर्व इथे आहे. नेहमीच्या सपाट नकाशावर न्यूयॉर्कहून रेघ मारली तर ती पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला झुकून जाते, पण गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग तिथून निघतो ईशान्येला, उत्तरेपासून सुमारे ५८ अंशांवर. कोन काढताना एटॅन ऐवजी एटॅन-टू वापरावं, नाहीतर अर्ध्या जगाला उलटी दिशा मिळते. अंशांचे रेडियन करायचे राहिले तर उत्तर येतं, आणि तेही पटण्यासारखं येतं, हे जास्त वाईट. फोनमधला कंपास चुंबकीय उत्तर दाखवत असेल तर त्या जागेचा फरक मिळवावा लागतो. सगळी आकडेमोड ब्राउझरमध्येच होऊ शकते. माणूस कुठे उभा राहून प्रार्थना करतो हे सर्व्हरला कळायचं कारण नाही.

तारखांचा घोळ याहून सोपा दिसतो आणि जास्त वेळा होतो. जावास्क्रिप्टला नुसती २०२४-०३-१० अशी तारीख दिली तर ते ती यूटीसीची, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेची, मध्यरात्र समजतं. शेवटी वेळ जोडली तर स्थानिक समजतं. यूटीसीच्या पुढे असलेल्या देशात बसून लिहिताना दोन्ही बरोबर दिसतात. पश्चिमेला अमेरिकेत उतरलं की तीच तारीख ९ मार्च होऊन बसते. घडून गेलेल्या गोष्टींची वेळ यूटीसीत साठवावी हे ठीक, पण पुढच्या महिन्यातला कार्यक्रम स्थानिक वेळ आणि वेळ-विभागाचं नाव अशा जोडीने साठवावा, कारण सरकारं नियम बदलतात. सामोआने तर आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजूच बदलली. तिथे शुक्रवार, ३० डिसेंबर २०११ हा दिवस उजाडलाच नाही. तारखांची वजाबाकी केली तर २९ च्या दुपारपासून ३१ च्या दुपारपर्यंत दोन दिवस, प्रत्यक्षात गेले २४ तास. सातव्या दिवशी विश्रांती पाळणाऱ्या तिथल्या भाविकांपुढे मग खराच प्रश्न उभा राहिला, की आता सातवा दिवस कुठला धरायचा. त्याचं उत्तर कुठल्याही लायब्ररीत नसतं. आणि ज्यांचा दिवस मध्यरात्री नाही तर सूर्यास्ताला सुरू होतो, त्यांच्यासाठी तारखेचा साधा रकानाही अपुरा पडतो.

आता वाटेवरचं. फुकटच्या वायफायला जोडल्यावर लॉगिनचं पान येत नसेल तर कारण बहुधा असं असतं: मधला राउटर आपल्याला स्वतःच्या पानाकडे वळवू बघतो, पण आपण मागितलेलं पान एचटीटीपीएसचं, म्हणजे कूटबद्ध जोडणीचं, असतं आणि ब्राउझर ती वळवावळवी नाकारतो. साधं एचटीटीपीचं एखादं पान उघडावं. तेही जमलं नाही तर स्वतः लावलेला डीएनएस, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता शोधणारा सर्व्हर, तात्पुरता काढावा. धावत्या गाडीत एसएसएच सारखं तुटतं. त्याच्या जागी वापरायचं मॉश यूडीपीवर चालतं, पत्ता बदलला तरी जोडणी धरून ठेवतं, पण त्यासाठी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये ६०००० ते ६१००० यातली दारं उघडी हवीत, आणि काही ठिकाणचं वायफाय यूडीपीच अडवतं. तेव्हा सर्व्हरवर टीमक्स आधीच चालू असलेलं बरं. जोडणी तुटली तरी काम तिथे जिवंत राहतं.

लॉगिनच्या दुसऱ्या पायरीचे कोड एसएमएसवर ठेवू नयेत, परमुलखात सिम बदलतं. दर ३० सेकंदांनी बदलणारे कोड नेटशिवायही निघतात. ते नाकारले गेले तर फोनचं घड्याळ आधी बघावं. खातं परत मिळवायचे कोड आणि डिस्कच्या कूटलेखनाची किल्ली कागदावर, लॅपटॉपच्या बॅगेत सोडून कुठेही. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच, आणि १०० वॉट-तासांच्या आत. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते.

निघायच्या आधीचे दोन दिवस लाइव्हवर काही नवं टाकू नये. त्याऐवजी मागे काय बंद पडू शकतं ते बघावं. साईटच्या एचटीटीपीएसला लागणारं लेट्स एनक्रिप्टचं सर्टिफिकेट वेळेवर आपोआप नवं होतंय असं सगळेच धरून चालतात. ते नवं करणाऱ्या सर्टबॉटला ड्राय रनचा, म्हणजे नुसत्या तालमीचा, पर्याय लावून नूतनीकरण करून बघितलं की खरं कळतं. कुणी तरी फायरवॉलमध्ये ८० नंबरचं दार बंद केलेलं असतं, किंवा डोमेन दुसऱ्या सर्व्हरकडे वळलेलं असतं. डिस्क किती भरली आहे, लॉग फाइली वेळोवेळी कापल्या जातात का, डोमेनची मुदत कधी संपते, हेही पाहावं. बॅकअप आहे एवढ्यावर समाधान मानू नये, दुसऱ्या मशीनवर तो उतरवून एक तरी पान उघडून बघावं. डेटाबेसमधला रकाना काढायचा असेल तर ते परत आल्यावर. आधी नवा रकाना, मग दोन्ही सांभाळणारा कोड, मग जुना रकाना काढणं, असं तीन टप्प्यांत केलेलं काम मध्येच थांबवता येतं. एका झटक्यात केलेलं मागे घेता येत नाही. आणि आपल्या मागे पहारा करणाऱ्याला हे सगळं लिहून द्यावं. कुणाचा उपवास, कुणाची प्रार्थनेची वेळ, कुणाचा सण असतो. पहाऱ्याच्या पाळ्या आधी बसून वाटून घेतल्या तर कुणालाच पूजेतून उठून सर्व्हर बघावा लागत नाही.

मुक्कामी पोहोचल्यावर, चांगलं नेट मिळालं की हात पुशकडे, म्हणजे आपलं काम वर पाठवण्याकडे, धावतो. आधी फेच करावं. आपण वाटेत असताना इतरांनी काय केलं ते लॉगमध्ये सावकाश वाचावं, मग त्याच्यावर रिबेस, म्हणजे आपले कमिट त्याच्यावर पुन्हा चढवणं. लॉक फाइलीत भांडण निघालं तर हाताने ओळी जुळवत बसू नये. मुख्य ब्रँचची लॉक फाइल घ्यावी, आपलं पॅकेज पुन्हा बसवावं, म्हणजे फाइल नव्याने नीट बनते. रिबेस करताना ‘अवर्स’ आणि ‘देअर्स’ यांचे अर्थ उलटतात, तेवढं सांभाळावं: तिथे ‘अवर्स’ म्हणजे मुख्य ब्रँच. काही बिघडलंच तर रिफ्लॉगमध्ये, म्हणजे ब्रँच आधी कुठे होती त्याच्या नोंदीत, जुनी जागा नव्वद दिवस तरी असते, आणि जे कुठल्याच ब्रँचवर उरलं नाही तेही तीस दिवस. टेस्ट पुन्हा चालवाव्यात, यावेळी वायफाय चालू ठेवून, कारण आता नकली सर्व्हरच्या जागी खरी सेवा उत्तर देणार आहे. मग पुश.